इम्पाला घ्यावी का?

यवतमाळला माझ्या एका शाळासोबत्याचे बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, स्टेज, रोषणाई असा त्याचा व्यवसाय. गेल्या हिवाळ्यात त्याचा मला नागपूरला फोन आला. जिल्ह्यातल्याच एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये १९६३ सालची शेवरोले इम्पाला उभी आहे, मालक विकायला तयार आहे, आणि किंमत एका नव्या मध्यम आकाराच्या गाडीएवढी आहे. लग्नसराईत ती वरातीसाठी भाड्याने द्यायची आणि एरवी घरच्यांनी वापरायची, असा त्याचा बेत होता. "तू फिजिक्सवाला आहेस. एकदा येऊन पाय, मंग मी बयाना देतो," असे तो म्हणाला.

मी मोटारींचा जाणकार नाही. माझे संशोधन पदार्थविज्ञानातले आहे आणि गाडी दुरुस्त करायला मी मिस्त्रीकडेच नेतो. पण एखादी वस्तू विकत घेण्यापूर्वी तिच्याविषयी जी विधाने केली जातात, ती तपासून पाहणे हे आपले, म्हणजे विज्ञान शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे, कामच आहे. म्हणून मोजपट्टी, हातघड्याळ आणि वही घेऊन मी गेलो. मित्राचा बारावीत शिकणारा मुलगाही सोबत आला. ही गाडी पुढे तोच चालवणार होता.

अमेरिकेतली एवढी मोठी गाडी कापसाच्या जिल्ह्यात आली कशी, असा प्रश्न नव्या पिढीला पडेल. अमेरिकन मोटारी आपल्याकडे एके काळी नवलाईच्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे सरकारचे धोरण बदलले. ज्यांना इथे सुटे भाग बनवायचे नव्हते, नुसती जोडणी करायची होती, त्यांना १९५३ नंतर गाशा गुंडाळावा लागला. त्यानंतर मोठी अमेरिकन गाडी मिळायची ती बहुतेक परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेली. ती सरकारच्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकली जाई. इम्पाला हे नाव अमेरिकेत १९५८ साली आले, आणि आपल्याकडे ते सिनेनटांच्या आणि कारखानदारांच्या गाडीचे नाव म्हणून लोकांच्या तोंडी बसले. कापसाच्या चांगल्या वर्षी एखाद्या जिनिंगवाल्याने मुंबईहून अशी गाडी आणली, तर ती अख्ख्या तालुक्याने पाहिलेली असे. आम्ही पाहायला गेलो ती अशीच आणलेली होती.

शेडचे दार उघडले तेव्हा, खरे सांगायचे तर, मीही क्षणभर गप्प झालो. मोजपट्टी लावली तर लांबी ५ मीटर ३४ सेंटिमीटर भरली आणि रुंदी २ मीटरच्या किंचित वर. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर ३ मीटर २ सेंटिमीटर. पुढच्या लांबलचक बाकावर तीन माणसे आणि मागे तीन सहज बसतील. बोनेट एखाद्या लहान टेबलाएवढे. क्रोमचा मुलामा जागोजागी उडाला होता, पण जिथे शिल्लक होता तिथे अजून तोंड दिसत होते.

मित्राने बोनेटवर बुक्की मारली. "लोखंड पाय ना बाप्पा! आताच्या गाड्या म्हंजे पत्र्याचे डबे. अंगठ्यानं दाबलं तं पोचा पडते. हा रणगाडा हाय. याच्यात पोराले काही व्हत नाही."

मला वाटते, गाडी घेण्यामागचे त्याचे खरे कारण हेच होते. वरातीचे उत्पन्न हे बायकोला सांगायचे कारण. त्याच्या धाकट्या भावाला काही वर्षांपूर्वी वणी रस्त्यावर अपघात झाला होता, तेव्हापासून जड गाडी म्हणजे सुरक्षित गाडी हे त्याच्या मनात पक्के बसले आहे. म्हणून त्याच्या या विधानाकडे मी शेवटी येतो. आधी बाकीची गाडी पाहू.

अशा गाडीची सर्वांत मोठी कीर्ती म्हणजे तिचा मऊपणा. बसल्यावर पाळण्यात बसल्यासारखे वाटते असे सगळे सांगतात. हा मऊपणा मोजता येतो. पुढचा बंपर धरून मी आणि मुलगा गाडी तालात दाबू लागलो. झोका देताना जसा नेमका ताल सापडतो, तसा तो इथेही सापडतो आणि मग थोड्या जोराने मोठा हेलकावा बसतो. दहा हेलकाव्यांना जवळजवळ दहा सेकंद लागले. म्हणजे वारंवारिता सेकंदाला सुमारे एक. आजच्या लहान गाडीवर हाच प्रयोग केला, तर दीडच्या आसपास आकडा येतो.

आता गंमत पाहा. स्प्रिंगवर टांगलेल्या वजनाचे सूत्र आपण अकरावीत शिकवतो. वारंवारिता माहीत असेल, तर गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग किती दबली आहे हे काढता येते. सेकंदाला एक हेलकावा असेल तर उत्तर येते २५ सेंटिमीटर. दीड असेल तर फक्त ११. इतकी मऊ स्प्रिंग वापरली की रस्त्यावरचा खड्डा चाक खाऊन टाकते आणि बसणाऱ्याला फार थोडे कळते. माणसाच्या धडाला सर्वांत जास्त त्रास होतो तो सेकंदाला चार ते आठ या टप्प्यातल्या उभ्या थरथरीचा. एकच्या आसपासचा हेलकावा आपल्याला सुखाचा वाटतो. तेव्हा या गाडीची कीर्ती खोटी नाही. डेट्रॉइटच्या अभियंत्यांनी ती विचारपूर्वक मिळवलेली होती, आणि लांब, सरळ, गुळगुळीत महामार्गांसाठी ती अगदी योग्य होती.

पण मऊ स्प्रिंगची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. रिकाम्या गाडीचे वजन धरमकाट्यावर सतराशे किलोच्या थोडे खाली आले. तिच्यात सहा माणसे बसली तर सुमारे चारशे किलोची भर पडते, म्हणजे मूळ वजनाच्या पावपट. मग स्प्रिंगही २५ सेंटिमीटरच्या पावपट, म्हणजे सहा सेंटिमीटर आणखी दबणार. रिकामी असताना पोटाखालची मोकळी जागा १५ सेंटिमीटर होती. उरली नऊ.

आता गतिरोधक घ्या. भारतीय रस्ते परिषदेच्या प्रमाणानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची. चारही चाके त्या गोलाईवर असताना गाडीच्या मध्याखाली रस्ता किती वर येतो? वर्तुळाच्या जीवेचे गणित आहे. आसांमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. इम्पालासाठी ६.७ सेंटिमीटर, २.४ मीटर अंतराच्या लहान गाडीसाठी ४.२. म्हणजे भरलेल्या इम्पालाच्या पोटाखाली, अगदी नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरसुद्धा, दोन बोटेच जागा राहते. आपल्या गावागावांतले गतिरोधक किती नियमाप्रमाणे असतात हे वाचकांना माहीत आहे. ते अरुंद आणि उंच असतात. पुढची चाके उतरून गेलेली, मागची अजून चढायची, आणि मधे पोटाखाली पूर्ण उंचवटा. सायलेन्सर तिथेच राहायचा. (हे उदाहरण दहावीच्या वर्गातही देता येईल. मुलांना शाळेजवळचा गतिरोधक दोरी धरून मोजायला लावावा.)

शिवाय झोक्याला कुणीतरी थांबवणारे लागते. हे काम शॉकॲब्सॉर्बर करतात. हात सोडल्यावर गाडीने एक हेलकावा घेऊन स्थिर व्हायला हवे. आमची चार वेळा खालीवर झाली. म्हणजे चारही शॉकॲब्सॉर्बर नावापुरते होते. अशा गाडीत वळणावर शरीर एका बाजूला झुकते आणि झुकतच राहते. फार मंद हेलकावा, सेकंदाला अर्ध्याहून कमी, पोटाला मानवत नाही. बोट लागते ती याच कारणाने. पुसदकडच्या वळणांवर मागच्या बाकावरची मुले ओकणार हे गृहीतच धरावे.

बोनेट उघडल्यावर मात्र खरा धक्का बसला. या सालच्या इम्पालात सहा सिलिंडरचे किंवा आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन येई. आठवाले ४.६ लिटरचे, कंपनीच्या पत्रकानुसार १९५ अश्वशक्तीचे. तो आकडा आज जसाच्या तसा घेऊ नये. पंखा, सायलेन्सर असले शक्ती खाणारे भाग काढून नुसते इंजिन बाकावर चालवायचे आणि मोजायचे, अशी तेव्हा अमेरिकेत रीत होती. सगळे भाग जोडून मोजायची पद्धत तिथे १९७२ च्या सुमारास आली, आणि इंजिने तीच असूनही पत्रकांतले आकडे एकदम खाली आले. पण तो हिशेब इथे लागूच नव्हता. आमच्यासमोर होते चार सिलिंडरचे डिझेल इंजिन.

हे आश्चर्याचे नाही. १९७३ साली अरब-इस्राएल युद्धानंतर तेलाचे भाव भडकले. लिटरला पाच-सहा किलोमीटर जाणाऱ्या गाड्या पोसणे मालकांना अशक्य झाले. तेव्हा मिस्त्रींनी अनेक अमेरिकन गाड्यांची मूळ इंजिने उतरवून त्यांत चाळीस-पन्नास अश्वशक्तीची डिझेल इंजिने बसवली. त्या मिस्त्रींच्या कसबाला दाद द्यायला हवी. नकाशा नाही, पुस्तक नाही. इंजिनाचे पाय नव्याने वेल्ड करायचे, वेगळाच गिअरबॉक्स जुळवायचा, दांडा कापून जोडायचा. या गाडीतही स्टेअरिंगजवळचा ऑटोमॅटिक गिअरचा दांडा आता नुसता शोभेला होता आणि खरा गिअर जमिनीतून वर आलेला होता.

पण गाडीचा स्वभाव गेला. आठ सिलिंडरच्या इंजिनात दांड्याच्या प्रत्येक पाव फेऱ्याला एक स्फोट होतो. एकाचा जोर संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो, म्हणून ते इतके गुळगुळीत चालते. चार सिलिंडरमध्ये अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट, आणि डिझेलमध्ये तो अधिक कडक. मालकाच्या ड्रायव्हरने, ज्यांना सगळे मामा म्हणतात, गाडी सुरू केली तेव्हा समोरचा आरसा असा थरथरू लागला की त्यात काही दिसेना. मुलगा म्हणाला, "काका, हा तं ट्रॅक्टर झाला."

आता ज्या गोष्टीमुळे मी माझे मत ठरवले तिच्याकडे येतो. मामांनी गाडी अंगणात थोडी चालवली आणि थांबवताना त्यांचा पाय ब्रेकवर ज्या तऱ्हेने रोवला गेला ते मला विचित्र वाटले. वयस्क माणूस, जवळजवळ सीटवरून उठले होते.

या गाडीला ब्रेकसाठी निर्वाताचे साहाय्य होते. त्याची डबी आणि नळी अजून जागेवर होती. तिचे तत्त्व साधे आहे. पेट्रोल इंजिनात हवा आत घेण्याच्या वाटेवर एक झडप असते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की ती झडप जवळजवळ बंद होते, पण सिलिंडर हवा ओढतच राहतात. त्यामुळे झडपेच्या पुढे दाब वातावरणापेक्षा बराच कमी होतो. त्या कमी दाबाला एका पडद्याची एक बाजू जोडायची आणि दुसऱ्या बाजूला ब्रेक दाबताच बाहेरची हवा येऊ द्यायची. वातावरणाचा दाब तो पडदा ढकलतो आणि आपल्या पायाला मदत करतो. पायाचे बळ दहा, तर हवेचे वीस, असे काहीसे.

डिझेल इंजिनाला मुळात अशी झडप नसते. त्यात शक्ती कमी-जास्त करायची ती इंधन कमी-जास्त करून. हवा पूर्णच घेतली जाते. म्हणून तिथे निर्वात मिळत नाही. कारखान्यातून निघणाऱ्या डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा निर्वात-पंप बसवतात. या गाडीत इंजिन बदलताना कुणी पंप बसवलाच नव्हता. नळीच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली होती. म्हणजे सतराशे किलोची गाडी गेली कित्येक वर्षे एका माणसाच्या मांडीच्या बळावर थांबत होती.

याची चाचणी कोणत्याही गाडीवर घरच्या घरी करता येते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, म्हणजे साठलेला निर्वात संपतो आणि पॅडल कडक होते. मग पाय दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पॅडल आपोआप थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर साहाय्य बंद आहे. आम्ही हे तीनदा करून पाहिले. पॅडल जागचे हलले नाही.

त्यात चारही चाकांना ड्रम ब्रेक. प्रवाशांसह गाडी दोन हजार किलोची धरा आणि वेग ताशी ८० किलोमीटर. गतिज ऊर्जा येते सुमारे पाच लाख ज्यूल. ही सगळी उष्णता होऊन ड्रममध्ये जाते. तेवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी उकळीला येईल. एकदा थांबलात तर हरकत नाही. पण घाटाचा शंभर मीटर उंचीचा उतार उतरताना वीस लाख ज्यूल जिरवावे लागतात. ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. लायनरचे घर्षणही तापल्यावर कमी होते. आणि ड्रम बंद भांड्यासारखा असल्याने वारा लागत नाही. पाय खाली खाली जातो आणि गाडी थांबत नाही. शिवाय या काळातल्या गाडीत ब्रेकचे तेल चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून एकाच मार्गाने जाते. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन स्वतंत्र मार्ग अमेरिकेत सर्रास झाले ते १९६७ च्या सुमारास.

आता रणगाडा.

मित्राचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि ते निम्मे मी त्याला आधी मान्य केले. दोन हजार किलोची गाडी आणि एक हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत अडकल्या, तर संवेगाच्या अक्षय्यतेने उरलेला वेग जड गाडीच्या दिशेने ताशी २० येतो. म्हणजे जड गाडीतल्या माणसाचा वेग ४० ने बदलला आणि हलक्या गाडीतल्याचा ८० ने. हा फायदा खरा आहे आणि तो हलक्या गाडीतल्यांच्या जिवावर मिळतो. पण समोर बाभूळ असेल, किंवा रात्री दिवे न लावता उभा केलेला ऊसाचा ट्रक असेल, तर हा हिशेब संपला. तिथे दोघांनाही शून्यावर यायचे आहे.

शून्यावर येताना प्रश्न वेगाचा नसतो, किती अंतरात आलो याचा असतो. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १७.८ मीटर. गाडीचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपत गेला आणि माणूस पट्ट्याने सीटला बांधलेला असेल, तर त्याला मिळणारे ऋण त्वरण गुरुत्वाच्या सुमारे २७ पट. त्रास होईल, पण माणूस वाचू शकतो. बांधलेला नसेल तर तो त्याच वेगाने पुढे जातो आणि स्टेअरिंगवर छाती आपटून पाच सेंटिमीटरमध्ये थांबतो. आता गुरुत्वाच्या तीनशेवीस पट. लोखंड किती जाड होते याचा इथे काही संबंध नाही. उलट, पत्रा चेपणे हे पत्र्याचे काम आहे. माणसाची पेटी टणक आणि तिच्या पुढचा-मागचा भाग चेपणारा असावा, ही कल्पना मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेन्यी यांनी १९५० च्या दशकात मांडली आणि १९५९ च्या मर्सिडीजमध्ये ती प्रत्यक्षात आली. इम्पालात ती नाही. १९५८ ते १९६४ पर्यंतच्या मोठ्या शेवरोले गाड्यांची चेसी इंग्रजी एक्स अक्षरासारखी असे: कणा मधून जातो आणि दारांखाली मजबूत कड्या नसतात. आम्ही जॅक लावून खाली डोकावलो तेव्हा मुलाने ती लगेच ओळखली. दाराच्या आत हात घालून मित्राला दाखवले की तो बुक्की मारत होता ते बोनेट जाड आहे, पण माणूस आणि समोरून, बाजूने येणारा ट्रक यांच्यात मात्र विशेष काही नाही.

त्याला ते पटेना. "हे तुह्या कागदावरचं गणित झालं," तो म्हणाला. शंका रास्त होती. कागदावरचे गणित प्रयोगाने तपासलेच पाहिजे, आणि सुदैवाने तो प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली महामार्ग-सुरक्षेची एक संस्था आहे. २००९ साली, स्थापनेला पन्नास वर्षे झाली म्हणून, तिने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर, पुढच्या भागाचा साधारण चाळीस टक्के हिस्सा एकमेकांवर येईल अशा, आदळवल्या. बेल एअर ही इम्पालाची सख्खी बहीण, त्याच चेसीवरची. वजनात दोघींत फारसा फरक नव्हता. बेल एअरचे दार उघडले गेले, पुढच्या काचेचा खांब कोसळला, स्टेअरिंग आत आणि वर घुसले. आतल्या पुतळ्यावरच्या मोजणीवरून निष्कर्ष निघाला की खरा चालक जिवंत राहिला नसता. मालिबूमधल्या पुतळ्याच्या पायाला इजा झाली असती, एवढेच. याचे चित्रण उपलब्ध आहे. ते मी मुलाच्या फोनवर लावले आणि मित्राच्या हातात दिले. त्याने ते दोनदा पाहिले. दुसऱ्यांदा पाहताना तो बोनेटवर टेकलेला होता; पाहून झाल्यावर तिथून बाजूला झाला.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीतही समोरच्या टकरीचा वेग हाच, ताशी ६४ किलोमीटर, आहे. म्हणून ज्या किमतीत ही इम्पाला मिळत होती त्याच किमतीच्या नव्या गाड्यांचे तारे मी त्याला वाचून दाखवले. हलका पत्रा आणि पाच तारे हे एकत्र असू शकते हे त्याला त्या दिवशी प्रथम कळले.

वरातीचे काय? इथे मला एक गोष्ट इम्पालाच्या बाजूने सांगावी लागते. वरात चालते माणसाच्या पावलाने. मूळ पेट्रोल इंजिनाची गाडी अशी दोन तास चालवली तर तापते, कारण पुढून वारा मिळत नाही आणि पट्ट्यावरचा पंखा इंजिनच मंद असल्याने मंद फिरतो. डिझेल इंजिन रिकामे चालताना फार थोडे इंधन जाळते, म्हणून ते थंड राहते. तेव्हा ज्या बदलाने ही गाडी महामार्गावर निकामी झाली, त्याच बदलाने ती वरातीला लायक झाली. पण कायदा आडवा येतो. आरसी बुकावर इंधन अजून पेट्रोलच लिहिलेले आहे, आणि इंजिन बदलल्याची नोंद करून घेणे मोटार वाहन कायद्याने आवश्यक आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने विंटेज नोंदणीचा नियम केला. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण त्यासाठी गाडीच्या चेसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. शिवाय तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यापुरतीच आणता येते. म्हणजे ही गाडी मूळ रूपात असती तर विंटेज झाली असती आणि भाड्याने देता आली नसती. आज मूळ रूपात नाही म्हणून विंटेजही होत नाही.

मूळ पेट्रोल इंजिन शाबूत असलेली अशी गाडी कुणाला मिळाली, तर त्याने दोन गोष्टी विचाराव्यात. त्या काळची इंजिने शिसे मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेली होती आणि शिशाचा थर झडपांच्या बैठकींचे रक्षण करी. आपल्याकडे फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि तेच योग्य झाले. पण त्यानंतर बैठकी बदलल्या आहेत का? आणि आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकतील अशा रबरी नळ्या घातल्या आहेत का? दोन्हींचे उत्तर 'माहीत नाही' असे आले, तर तो खर्च किमतीतून वजा करावा.

परतताना गाडीत मित्र बराच वेळ बोलला नाही. कळंब मागे पडल्यावर त्याने विचारले, "मंग ते चालवलीच नाही तं?"

मला आधी प्रश्न कळला नाही. त्याचे म्हणणे असे की, स्टेजच्या शेजारी उभी करायची. पाहुणे तिच्यासोबत फोटो काढतील. न्यायची-आणायची ती ट्रॉलीवर चढवून. इंजिन नको, ब्रेक नको, आरसी बुकाची भानगड नको.

तशी असेल तर मला आक्षेप नाही, असे मी सांगितले. पण मग किंमत नव्या गाडीची नव्हे. चार चांगले टायर, थोडा रंग, क्रोमचा मुलामा आणि धरमकाट्यावर आलेले वजन गुणिले त्या दिवसाचा भंगाराचा भाव, याच्या आसपास ती असावी. मागच्या बाकावर बसून मुलगा तो गुणाकार करू लागला होता.